कोयत्याचे पाणी आणि मोडीचा भाव

मराठीत एखाद्याची योग्यता अजमावण्याला ‘पाणी जोखणे’ म्हणतात. हे पाणी मोत्याला असते, घोड्याला असते, माणसालाही क्वचित असते. पण ज्या एका वस्तूला ते डोळ्यांदेखत आणि चर्र असा आवाज करीत पाजले जाते, ती वस्तू म्हणजे लोहाराने हाताने घडवलेले पाते होय. अशा पात्याचा दर्जा कसा ओळखावा आणि ते पुन्हा विकायला काढले तर त्याचे किती रुपये यावेत, हे दोन प्रश्न जगात इतरत्र सख्ख्या भावांसारखे नांदतात; ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत मात्र ते एकाच घरात चुली वेगळ्या करून राहतात आणि त्यांचे एकमेकांशी बोलणे नाही.

अभ्यासासाठी नेमके हेच दोन तालुके का निवडावेत, याचे उत्तरही पाण्यातच आहे. शहापूर तालुक्यातील तानसा, भातसा व वैतरणा या जलाशयांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्यामुळे हक्काचे म्हणता येईल असे पाणी या भागात उरले असेल तर ते कोयत्याचेच. शिवाय येथे पाते म्हणजे मुख्यत्वे कोयताच. विळी स्वयंपाकघरात बसून असते, विळा कापणीपुरता बाहेर पडतो, अडकित्ता पानाच्या डब्यात झोपलेला असतो; कोयता तेवढा दिवसभर माणसाबरोबर हिंडतो. पाठीला जाड, धारेकडे निमुळता आणि टोकाशी पक्ष्याच्या चोचीसारखा वाकलेला हा कोयता कमरेला मागच्या बाजूस बांधलेल्या लाकडी आकड्यात, म्हणजे आकडीत, अडकवण्याची रीत असल्यामुळे रानात निघालेला माणूस समोरून निःशस्त्र आणि पाठमोरा सशस्त्र दिसतो, आणि ही स्थिती त्याच्या समोर येणाऱ्यांपेक्षा मागून चालणाऱ्यांना अधिक विनयशील बनवते.

या कोयत्याला विश्रांती फार थोडी मिळते. भाताचे रोप टाकण्यापूर्वी त्या जागेवर डहाळ्या, पालापाचोळा, शेण व गवत यांचे थर पसरून ते जाळण्याला राब भाजणे म्हणतात. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या ज्या फांद्या तोडतात त्यांना कवळ म्हणतात, आणि ती तोडण्याचे काम झाडावर चढून, एका हाताने बुंधा व दुसऱ्या हाताने कोयता धरून करायचे असते. त्याखेरीज कुडाच्या भिंतीसाठी कारवी, कुंपणासाठी करवंदीच्या काटेरी जाळ्या, चुलीसाठी फाटा, सुगीत बांधावरचे रान आणि मध्येच पाहुणा आला तर कोंबडी, अशी सर्व कामे त्याच एका पात्याकडे येतात. स्वतंत्र कामासाठी स्वतंत्र सुरी ठेवावी हा विचार येथे पोहोचलाच नाही असे नाही, परंतु पोहोचल्यावर त्यालाही कोणीतरी लाकडे फोडायला लावले असावे.

किमतीचा प्रश्न अवघड होण्याचे पहिले कारण ऐतिहासिक आहे. लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक, म्हणजे गावाची कामे वर्षभर करून त्याबदल्यात सुगीला धान्याचा वाटा घेणाऱ्या कारागिरांपैकी एक होता. फाळ, विळे व कोयते शेवटून देणे हे त्याचे नेहमीचे काम. शेवटणे म्हणजे झिजलेले वा बोथटलेले हत्यार पुन्हा तापवून, ऐरणीवर ठोकून व पाणी देऊन धारेवर आणणे. आज शहरी माणूस दूरचित्रवाणीवरच्या मालिकांसाठी वार्षिक वर्गणी भरतो आणि आपण काहीतरी नवे करीत आहोत असे समजतो, पण शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याने धारेची अशी वर्गणी पिढ्यान्‌पिढ्या भाताच्या पेंढ्यांत मोजलेली आहे. या व्यवस्थेत कोयत्याला सुटी अशी किंमतच नव्हती, आणि जेथे पहिली किंमत ठरलेली नाही तेथे दुसरी कोण ठरवणार?

बलुते मोडले, रोख पैसा आला, तरी कच्च्या मालाने जुनी परंपरा वेगळ्या वाटेने चालू ठेवली. चांगल्या कोयत्याचे पोलाद, ज्याला जुन्या मराठीत ‘तिखे’ असा अर्थवाही शब्द होता, आज बहुधा ट्रकच्या पाट्यातून येते. पाटा म्हणजे चाकाच्या वर एकावर एक रचलेल्या, धक्के सोसणाऱ्या कमानदार पट्ट्यांपैकी एक. शहापूर तालुक्यातून मुंबई-आग्रा महामार्ग कसाऱ्याच्या घाटाकडे चढतो, मुरबाड तालुक्यातून कल्याण-नगर रस्ता माळशेज घाटाकडे चढतो, आणि दोन्ही रस्त्यांवर ओझ्याने वाकलेल्या गाड्यांचे पाटे तुटत असल्यामुळे या परिसरात कोयत्याचा दर्जा रस्त्यावरील खड्ड्यांच्या सम प्रमाणात वाढतो असा सिद्धान्त मांडण्यास हरकत नाही. यात हसण्यासारखे काही नाही, कारण अमेरिकेतील नामवंत हस्तकारागीर ज्या ५१६० क्रमांकाच्या पोलादाची मोठ्या विश्वासाने निवड करतात, तेदेखील गाड्यांच्या कमानींसाठीच वापरात आलेले, शेकडा ०.६ च्या आसपास कर्ब व थोडे क्रोमियम असलेले पोलाद आहे. फरक इतकाच की तेथील कारागीर ते नवे कोरे विकत घेतो आणि येथील लोहार ते दहा-पंधरा वर्षे घाटात प्रत्यक्ष चाचणी घेतल्यानंतरच स्वीकारतो.

आता पाण्याकडे वळावे. पाते तापून लालभडक झाले की लोहार ते पाण्यात किंवा तेलात बुडवतो. याने पोलादाला काचेसारखा कडकपणा येतो आणि त्याबरोबर काचेचा दुर्गुणही येतो. म्हणून ते पाते घासून उजळवतात आणि पुन्हा हलकेच तापवतात, तेव्हा उजळलेल्या पृष्ठभागावर रंग सरकू लागतात: सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. जेथे हवा तो रंग धारेपाशी पोहोचला तेथेच थांबायचे असते, आणि हा क्षण एखाद्या श्वासाएवढा असतो. लोहाराची पडवी अंधारी असते ती गरिबीमुळे, असे शहरी पाहुण्याला वाटते; गरिबी असतेही, पण तापलेल्या पोलादाचा रंग उन्हात ओळखता येत नाही हे त्या अंधाराचे खरे कारण आहे. प्रयोगशाळेत कडकपणा रॉकवेल मापनाने मोजतात आणि चांगल्या सुरीला त्यात ५८ ते ६२ च्या दरम्यान अंक मिळतो. ऐरणीपाशी या मापनाला दोनच अंक आहेत. धारेचे तुकडे उडू लागले तर ‘पाणी जास्त झाले’, आणि धार दुमडू लागली तर ‘पाणी कमी पडले’. तिसरी शक्यता, म्हणजे पाणी बरोबर बसणे, उघड शब्दांत कोणी नोंदवत नाही, कारण तसे बोलून दाखवले तर लोहार पुढच्या खेपेला पैसे वाढवून मागेल अशी रास्त भीती असते.

नव्या कोयत्याची परीक्षा ठरावीक क्रमाने होते आणि परीक्षकाची मुद्रा मुलगी पाहायला आलेल्या वडीलधाऱ्यांसारखी असते, म्हणजे मनातून पसंत पडले तरी चेहऱ्यावर उमटू द्यायचे नाही. प्रथम तो पाते सैल धरून नखाने टिचकी मारतो. खणखणीत वाजले तर अंग निर्दोष, ‘बद्द’ वाजले तर आत कोठेतरी भेग, हा निकष मडक्यापासून कोयत्यापर्यंत समान आहे. मग तो एक डोळा मिटून धार उजेडाकडे धरतो, आणि येथे या शास्त्रातील सर्वांत सुंदर विरोधाभास भेटतो, तो असा की चांगली धार दिसत नाही. धारेवर उजेडाची चमकती रेघ दिसली तर तेथे ती बोथट आहे, कारण प्रकाश परतवण्याइतकी जागा तेथे शिल्लक आहे. त्यानंतर अंगठ्याच्या नखावर धार टेकवून ती घसरते की रुतते हे पाहतात, आणि शेवटी डाव्या हाताच्या केसांवर प्रयोग होतो. आठवडी बाजारात ज्याच्या हातावरचे केस मधूनमधून नाहीसे झालेले दिसतात तो गृहस्थ त्वचारोगी नसून चोखंदळ ग्राहक असतो. एवढे सर्व उत्तम निघाले तरी जवळ उभा असलेला एखादा वयस्क मनुष्य ‘आमच्या आज्याच्या कोयत्याची सर नाही’ असे म्हणतोच, आणि त्याचे म्हणणे खोडता येत नाही, कारण आज्याचा कोयता झिजून संपलेला असतो.

पुराव्याचा हाच पेच साता समुद्रांपलीकडेही आहे. अमेरिकेत १९७६ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ या लोहारांच्या संघटनेत पहिली पायरी चढायची तर उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुरीने मोकळी लोंबणारी एक इंच जाडीची दोरी एका घावात कापावी लागते, मग लाकडाची फळी दोनदा आरपार तोडावी लागते, मग त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवावे लागतात, आणि सरतेशेवटी ती सुरी शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरून काटकोनात वाकवावी लागते. ती तुटली नाही तर लोहार उत्तीर्ण होतो. अर्थात जी सुरी अशा रीतीने उत्तम ठरली ती काटकोनात वाकलेली असल्याने विकता येत नाही, आणि जी विकली जाते तिची परीक्षा झालेली नसते.

संग्राहकांच्या बाजारात यावरून जे निष्पन्न झाले ते तर्काला धरूनच आहे. तेथे सुरीचा पुनर्विक्रीचा भाव टिकतो तो तिने काहीही कापलेले नसल्यास. बॉब लव्हलेस (१९२९–२०१०) या कारागिराच्या सुऱ्या हजारो डॉलरांना विकल्या जातात, त्याच्या काही पात्यांवर उमटवलेल्या विवस्त्र स्त्रीच्या आकृतीसाठी हौशी लोक वेगळे पैसे मोजतात, आणि पात्यावर धार लावल्याची खूण दिसली की भाव उतरतो. अशा न वापरलेल्या सुरीला ते लोक ‘तिजोरीतली राणी’ म्हणतात. महाराष्ट्रीय वाचकास ही कल्पना परकी वाटू नये, कारण ज्या कपबशीतून कोणीही कधी चहा प्यालेला नाही ती काचेच्या कपाटात ठेवून रोज कान तुटलेल्या कपाने चहा पिण्याची प्रथा आपल्याकडेही आहे. फक्त आपण त्या कपबशीला गुंतवणूक म्हणत नाही, ‘पाहुण्यांची’ म्हणतो, आणि पाहुणे आले की तीही काढत नाही.

भाव वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे पात्यावरील लहरदार नक्षी. दोन जातींच्या पोलादाचे थर एकत्र जोडून व आम्लाने उजळून काढलेल्या या नक्षीला आज ‘दमास्कस’ म्हणतात; बिल मोरन या अमेरिकी लोहाराने १९७३ साली ती पुन्हा लोकांसमोर आणली आणि तेव्हापासून तिची चलती आहे. परंतु ज्या जुन्या पोलादामुळे हे नाव गाजले ते मुशीत वितळवून केलेले हिंदुस्थानी पोलाद होते, ज्याला युरोपीय लोक ‘वूट्झ’ म्हणत. १७९४ साली मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुरीकाराने त्यापासून पाती करून पाहिली, आणि पुढे त्याने मायकेल फॅरेडेला जोडीला घेऊन त्यावर संशोधनही केले. म्हणजे मुंबईने पोलाद पाठवले, लंडनने निबंध लिहिले, अमेरिकेने भाव ठरवला, आणि मुंबईपासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर असलेल्या, शहापूर तालुक्यातील आसनगावच्या पलीकडे मात्र अजून पाट्याचा तुकडा हातात घेऊन ‘किती देऊ’ हाच प्रश्न चालू आहे.

या भागात पुनर्विक्रीची कला अविकसित आहे, असा निष्कर्ष कोणी काढील तर त्याला पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पाठवावे. तेथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, तिच्यातील बैलांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे, आणि बैलाच्या पुनर्विक्रीइतके बारकाव्याचे शास्त्र शेअर बाजारातही क्वचित सापडेल. बैलाचे वय जन्मतारखेवरून नव्हे तर दातांवरून ठरते: अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि जुळलेला, म्हणजे पुढचे आठही दात आलेला. खांदा, खूर, शेपटी, अंगावरचे भोवरे, चाल आणि डोळा अशा एकेका बाबीवर किंमत चढते-उतरते, आणि सौद्याचा आकडा रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून ठरवण्याची जुनी पद्धत असल्याने पाहणाऱ्याला दोन गंभीर माणसे भर बाजारात लाजत हस्तांदोलन करीत असल्याचा भास होतो. त्याच यात्रेत घोंगड्या मिळतात, शेतीची अवजारे मिळतात. पण जुना कोयता दात दाखवून विकायला कोणी आणत नाही, आणि आणला तर त्याच्यासाठी कोणी रुमाल काढणार नाही.

याचे कारण शोधण्यासाठी कोयता विकण्याकडे न पाहता तो उसना देण्याकडे पाहावे लागते. कोयत्याचे खरे मूल्यांकन या भागात उसनवारीतच होते, आणि ते नकाराच्या स्वरूपात होते. सुमार कोयता शेजाऱ्याने मागताच मिळतो, कधी कधी न मागताही मिळतो आणि परत मागितला जात नाही. मध्यम कोयता मिळतो, पण मालक बरोबर येतो. उत्तम कोयत्याबाबत मात्र कायमच ‘शेवटायला टाकलाय’ असे उत्तर मिळते, आणि विचारणाऱ्यालाही त्या उत्तराचा अर्थ ठाऊक असल्यामुळे तो आकडीतून डोकावणाऱ्या मुठीकडे न पाहता पावसाविषयी बोलू लागतो. एखाद्या कोयत्यापायी किती सोयरे दुखावले गेले, हा त्याच्या दर्जाचा सर्वांत विश्वसनीय निर्देशांक मानावा. प्रसंगी ‘कोयता हातात देऊ नये, भांडण होते’ या समजुतीचाही आधार घेतला जातो. ही समजूत मुळात कात्रीची, पण अडचणीत ती कोयत्यालाही लागू पडते.

अर्थशास्त्रात या गोष्टीला नाव आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे असे की विकणाऱ्याला आपल्या मोटारीचे गुणदोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा मधलीच किंमत देऊ करतो, त्या किमतीला चांगल्या मोटारीचा मालक विकत नाही, आणि बाजारात शेवटी खटारेच उरतात. अशा खटाऱ्याला अमेरिकेत ‘लिंबू’ म्हणतात. आपल्याकडे लिंबाचे व पात्याचे नाते निराळे आहे. लग्नात नवरदेवाच्या हाती लिंबू टोचलेली कट्यार देतात, आणि तेथे दर्जाचा प्रश्नच येत नाही, कारण त्या कट्यारीने ते एक लिंबू पेलले म्हणजे पुरे. कोयत्याच्या बाजारात मात्र अकरलॉफ यांचा सिद्धान्त अधिकच कडक रूपाने लागू होतो, कारण चांगला कोयता कोणत्याच किमतीला विकायला येत नाही. तो धार लावता लावता रुंदीने कमी होतो, कोयत्याचा विळा होतो, विळ्याचे खुरपे होते, आणि अखेरीस घरातली म्हातारी माणसे त्याने फणस सोलतात. जो विकायला आला तो विकण्याच्याच लायकीचा असणार हे सर्वांना ठाऊक असते, आणि म्हणून तो कोणी घेत नाही.

एखाद्या संग्राहकाने तरीही कोयता मिळवून मुंबईत दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलाच, तर त्याला नवीच अडचण येईल. शस्त्रास्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगासाठी केलेली पाती तेवढी त्यातून वगळली आहेत. म्हणजे राबाच्या फांद्या तोडीत राहिला तोवर कोयता अवजार असतो, आणि सोफ्याच्या वर लटकू लागला की त्याचा शेतीशी काय संबंध, हे मालकाला पटवून द्यावे लागते. वर्तमानपत्रांत ‘कोयता गँग’ हा शब्द रुळल्यापासून तर हे पटवणे आणखी लांबले आहे.

हस्तकारागिराचे नाव पात्यावर असले की किंमत वाढते, हा जगाचा नियमही येथे उलटा चालतो. मराठी घरात धातूच्या वस्तूवर नाव असते ते घडवणाऱ्याचे नव्हे, तर आहेर देणाऱ्याचे, आणि तेही ‘सप्रेम भेट’ अशा शब्दांसह ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले. लोहार पात्यावर नाव घालीत नाही, कारण कोयता बिघडला तर तो कोणाचा हे गावात सर्वांना माहीतच असते, आणि चांगला निघाला तर तसे सांगण्याची पद्धत नाही.

तेव्हा शहापूर-मुरबाडमध्ये कोयत्याला पुनर्विक्रीचा भाव आहे तो एकच, मोडीचा. मोड म्हणजे जुन्या धातूच्या वस्तूला केवळ वजनाने मिळणारी किंमत. भंगारवाला तराजू घेऊन दारात येतो, लोखंडाला किलोमागे वीस-तीस रुपये सांगतो, आणि अर्धा किलोच्या कोयत्याला दहा-पंधरा रुपये मोजतो. त्यात पाणी मोजले जात नाही, नाद मोजला जात नाही, आज्याही मोजला जात नाही. जगातले संग्राहक ज्या मुठीच्या दुर्मीळ लाकडासाठी सर्वांत जास्त हळहळतात, ती खैराची वा बाभळीची मूठ भंगारवाला तराजूत टाकण्यापूर्वी दगडावर आपटून काढतो, कारण लाकूड लोखंडाच्या भावाने घेणे त्याला परवडत नाही. मूठ चुलीत जाते. पाते ट्रकमध्ये जाते, ट्रक कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या रस्त्याला लागतो, आणि घाटात त्याचा एखादा पाटा तुटला तर तो लोहाराकडे येतो.